जुन्या कॅम्पर व्हॅनची बॅटरी सारखी उतरते? अल्टरनेटर बदलण्याआधी मीटर लावा

फोनमध्ये किती चार्ज उरलाय हे बघायला आपल्याला स्क्रीनच्या कोपऱ्यात एक नजर पुरते. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये ती सोय नाही. डॅशबोर्डवर एक लाल दिवा असतो, बस्स. आणि तो विझलेला आहे म्हणजे बॅटरी नीट चार्ज होतेय, असंही खात्रीने म्हणता येत नाही.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे फोक्सवागनच्या जुन्या व्हॅनचं वेड जबरदस्त आहे, आणि इथली आपली मराठी मंडळीही आता अशा व्हॅन भाड्याने घेऊन किंवा चक्क विकत घेऊन फिरायला लागली आहेत. या व्हॅनचं अधिकृत नाव टाइप टू. जर्मनीत १९५० मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. मोठ्या एकसंध काचेची दुसरी पिढी १९६७ मध्ये आली, आणि १९७९ मध्ये चौकोनी तोंडाची तिसरी पिढी, जिला ब्रिटनमध्ये टी-२५ म्हणतात. आत पलंग, ओटा, फ्रिज आणि वर उघडणारं छत. दिसायला मस्तच, पण सकाळी सेल्फ मारला आणि नुसतं 'टक्' झालं की सगळी मजा संपते.

अशा वेळी बहुतेक लोक आधी बॅटरी बदलतात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं की अल्टरनेटर बदलतात. माझं म्हणणं साधं आहे: दोन्हीपैकी काहीही विकत घेण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि अर्धा तास द्या. जुन्या व्हॅनमध्ये दोष पुष्कळदा या दोन महागड्या वस्तूंमध्ये नसतोच. तो असतो त्यांना जोडणाऱ्या वायरींमध्ये, अर्थिंगमध्ये आणि त्या लाल दिव्यामध्ये.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर?

मोजमापाच्या आधी हे वाचा, कारण इथे इंजिन जळू शकतं.

आपल्या रोजच्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला तर जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेता येते. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये तसं करू नका. या व्हॅनच्या नेहमीच्या छोट्या १६०० सीसी इंजिनात थंड हवा मारणारा पंखा डायनॅमोच्या किंवा अल्टरनेटरच्याच शाफ्टवर बसवलेला असतो आणि तो शाफ्ट फिरवतो एकच पट्टा. पट्टा तुटला की चार्जिंग थांबतं, दिवा लागतो आणि त्याच क्षणी इंजिन थंड होणंही थांबतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे गेजवर बघण्यासारखंही काही नाही. दिवा लागला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मागचं झाकण उघडून पट्टा बघा.

१७०० ते २००० सीसीच्या मोठ्या एअरकूल्ड इंजिनात पंखा थेट क्रँकशाफ्टवर असतो, त्यामुळे तिथे पट्टा तुटून इंजिन तापत नाही. पाण्यावर थंड होणाऱ्या टी-२५ मध्ये मात्र अल्टरनेटरचा पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे तिथेही थांबायचंच. तुमच्या व्हॅनमध्ये कोणतं इंजिन आहे हे ठाऊक नसेल तर सरळ थांबा. पट्टा शाबूत आणि घट्ट असेल तर मग हा निव्वळ विजेचा प्रश्न आहे. दिवसाउजेडी, हेडलाइट न लावता बॅटरीवर थोडं अंतर काढता येतं.

पट्टा कसा हवा? दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबला पाहिजे. जास्त सैल असेल तर तो घसरतो, चिरकतो, आणि हेडलाइट लावल्यावर चार्जिंग पडतं. फार घट्ट असेल तर अल्टरनेटरचं बेअरिंग खातो.

पहिलं माप: झोपलेली बॅटरी

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी नुकतीच चालवली असेल तर आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो.

१२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० ला ती पावच उरलेली असते आणि ११.८ च्या खाली रिकामीच समजा. बघा, भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम एका व्होल्टचा फरक आहे. म्हणून 'बारा दाखवतोय, म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी ठीक आहे' हा समज फसवा आहे. आकडा १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर बहुधा आतल्या सहा सेलपैकी एक मेलाय. ती बॅटरी गेली.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा. आकडा खाली येईल, पण ९.६ च्या खाली जायला नको. रात्रभर १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ८ वर कोसळत असेल, तर तिला चार्जरवर पूर्ण भरून एकदा पुन्हा बघा. तरी कोसळली तर बदला.

इथे फोनची एक सवय विसरावी लागते. फोनची लिथियम बॅटरी ८० टक्क्यांवर ठेवली तर जास्त टिकते, असं आपण वाचतो. शिशाच्या बॅटरीचं उलट आहे. ती अर्धवट भरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची कमी होते. ती सदैव काठोकाठ भरलेली हवी. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच एक किस्सा येतोय.

(सुरुवातीच्या व्हॅन ६ व्होल्टच्या होत्या आणि त्यांत डायनॅमो असायचा. हे आकडे त्यांना लागू नाहीत. डायनॅमो मंद वेगात फारसं चार्ज करतही नाही, त्यामुळे तिथे उभ्या गाडीत दिवा किंचित लुकलुकणं बिघाड नव्हे.)

तो लाल दिवा खरं तर काय करतो

हा भाग नीट वाचलात तर अर्धं निदान जमलं.

अल्टरनेटरमध्ये कायमचा लोहचुंबक नसतो. आत फिरणारा रोटर म्हणजे तारेचं वेटोळं. त्यातून थोडा करंट गेला तरच तो चुंबक होतो, आणि तो फिरला की बाहेरच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. मग प्रश्न असा, की पहिला थोडा करंट आणायचा कुठून? तो येतो या लाल दिव्यातून. किल्ली फिरवली की करंट बॅटरीतून निघतो, किल्लीच्या स्विचमधून दिव्यात, दिव्यातून एका बारीक वायरीने अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलवर, तिथून रेग्युलेटर आणि कार्बन ब्रशमधून रोटरमध्ये आणि मग अर्थला. म्हणून दिवा पेटतो.

इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर स्वतःच डी प्लसवर व्होल्टेज देऊ लागतो. आता दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज असतं. फरक नाही म्हणून करंट नाही, करंट नाही म्हणून दिवा विझतो. म्हणजे हा दिवा नुसता सूचना देणारा नाही. तो सर्किटमधला एक भाग आहे, गाडीला रोज सकाळी जागं करणारा.

यावरून सगळी लक्षणं उलगडतात. किल्ली फिरवली, इंजिन बंद, आणि दिवा पेटलाच नाही? मग अल्टरनेटर जागाच होणार नाही, किंवा इंजिनाला जोरात रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर कसाबसा जागा होईल. वाईट हे की इंजिन चालू असताना दिवा विझलेलाच दिसतो, त्यामुळे चालवणारा निर्धास्त असतो. एक छोटा बल्ब उडाला म्हणून आख्खा अल्टरनेटर बदललेल्या गाड्या मी पाहिल्यात.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवा, अल्टरनेटरवरची डी प्लसची बारीक वायर काढा, किल्ली फिरवा आणि त्या वायरीचं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब आणि वायर ठीक. दोष रेग्युलेटर, ब्रश किंवा रोटरमध्ये. नाही पेटला तर बल्ब, त्याचा होल्डर किंवा मधली वायर. एक सावधगिरी: शेजारची जाड वायर म्हणजे बी प्लस. ती बॅटरीला जोडलेली असते, या व्हॅनमध्ये मध्ये फ्यूजही नसतो आणि किल्ली काढली तरी ती जिवंतच असते. तिच्या नटाला पाना लावायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हातातलं कडं, अंगठी, धातूचं घड्याळ, सगळं आधी खिशात.

हल्ली हौसेने डॅशबोर्डला एलईडी लावतात. चार्जिंगच्या दिव्याच्या जागी नुसता एलईडी लावला तर त्यातून जाणारा करंट रोटरला पुरत नाही. तिथे साधा बल्ब हवा, नाहीतर एलईडीच्या जोडीला समांतर रेझिस्टर.

इंजिन चालू असताना दिवा मंद जळत राहिला तर तेही कामाचं लक्षण आहे. दिव्याच्या दोन बाजूंत थोडा फरक उरलाय, असं तो सांगतो. एक तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलाय, नाहीतर जाड वायरीच्या किंवा किल्लीच्या स्विचच्या जोडणीत कुठेतरी व्होल्टेज सांडतंय. आणि दिवा ठसठशीत पेटलेला राहिला तर अल्टरनेटर काहीच देत नाहीये.

दुसरं माप: चालू इंजिन

गाडी मोकळ्या जागेत ठेवा, बंद गॅरेजमध्ये नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मोकळे केस, ओढणी, हुडीच्या दोऱ्या पट्ट्यापासून लांब.

इंजिन मंद वेगापेक्षा थोडं वर ठेवून बॅटरीच्या टोकांना मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मग हेडलाइट, हीटरचा पंखा, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावा. दोन हेडलाइटच मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. टी-२५ चे अल्टरनेटर मॉडेलनुसार ४५, ६५ किंवा ९० अँपिअरचे असतात, म्हणजे मूळच्या उपकरणांना पुरेसे.

आकडा १२.६ वरच थांबला किंवा हळूहळू उतरू लागला तर चार्जिंग बंद आहे. १४.८ च्या वर चढत राहिला तर रेग्युलेटर बिघडलाय. हे जास्त धोक्याचं, कारण बॅटरी उकळते, पाणी आटतं आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. अशी गाडी प्रवासाला काढू नका. आणि 'चालत्या इंजिनात बॅटरीची वायर काढून बघ, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला' हा जुना सल्ला अजिबात ऐकू नका. वायर निघाल्याक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, रेडिओ यांतलं काहीही उडू शकतं.

तुमच्या घरच्या नव्या गाडीवर हे आकडे लावू नका. त्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो आणि व्होल्टेज मुद्दाम वरखाली होत असतं.

सगळ्यात जास्त सुटणारा दोष: वाटेतली गळती

फोन स्लो चार्ज होत असेल तर आपण आधी केबल बदलून बघतो. व्हॅनमध्ये मात्र केबलकडे कुणी बघत नाही.

या गाड्यांचं इंजिन मागे असतं. टी-२५ मध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली, म्हणजे वीज गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर टांगलेले असतात. रबरातून वीज जात नाही, म्हणून गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. रस्त्याचं पाणी, मीठ, चिखल, सगळं तिच्यावर उडतं.

तपासायचं असं. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. मीटरची एक वायर अल्टरनेटरच्या बी प्लसला, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला. आदर्श आकडा शून्य, ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. मग एक वायर अल्टरनेटरच्या धातूच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे ०.२ च्या आत हवं. मीटरच्या वायरी तेवढ्या पोचत नाहीत, एक लांब वायर जोडून घ्या. हे माप लोड चालू असतानाच घ्यायचं. करंट वाहत नसेल तर गळती दिसणारच नाही.

ब्रिस्टलमधल्या माझ्या एका मित्राच्या १९८५ च्या टी-२५ ने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या खाल्ल्या. एका गॅरेजने दर वेळी बॅटरी बदलून दिली आणि तिसऱ्यांदा नवा अल्टरनेटर सुचवला. आम्ही मीटर लावला तेव्हा चालू इंजिनात, सगळे लोड लावून, बॅटरीवर १३.३ व्होल्ट होते. हा आकडाच फसवतो. बारापेक्षा जास्त आहे, दिवाही विझलेला आहे, म्हणजे 'चार्ज होतंय'. पण अल्टरनेटरच्या बी प्लस आणि त्याच्या अंगामध्ये १४.२ होते. मधले ०.९ व्होल्ट गेले कुठे? पॉझिटिव्ह बाजूला ०.२. निगेटिव्ह बाजूला ०.७. गाडीखाली सरपटत गेल्यावर ती विणलेली पट्टी हिरवीगार झालेली दिसली, अर्ध्या तारा तुटलेल्या.

अल्टरनेटर बिचारा आपलं काम नीट करत होता. पण बॅटरी कधीच काठोकाठ भरत नव्हती आणि अर्धवट पोटी दिवस काढून सल्फेटने मरत होती. दुसरी खूणही होती: सेल्फ मारताना बॅटरीवर ११ व्होल्ट टिकायचे, तरी सेल्फ मंद फिरायचा. सेल्फचा शंभरेक अँपिअरचा करंटही त्याच पट्टीतून परत येतो ना! नवी पट्टी, दोन्ही टोकांचा धातू घासून चकचकीत, वर थोडं ग्रीस. बॅटरीवर १४ च्या आसपास आकडा आला. अल्टरनेटर अजून तोच आहे.

ही पट्टी पूर्णच तुटली तर करंट दुसरी वाट शोधतो, जसं की अ‍ॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागत असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी अर्थिंग बघा.

आता अल्टरनेटरवर संशय घ्या

वायरी, अर्थिंग, दिवा, पट्टा सगळं ठीक आणि तरी बी प्लसवरच १३ च्या खाली? तर दोष आत आहे. तरीही आख्खा अल्टरनेटर लगेच टाकू नका. बॉशच्या अनेक अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आणि कार्बन ब्रश हे एकच छोटं युनिट असतं, पाठीमागे दोन स्क्रूंनी बसवलेलं. जुन्या काही व्हॅनमध्ये रेग्युलेटर वेगळ्या डबीत असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, युनिट बाहेर घ्या. ब्रश ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. काहीही सुटं करण्याआधी फोनने दोन-तीन कोनांतून फोटो काढून ठेवा. कोणती वायर कुठली हे नंतर आठवत नाही.

डायोडची शंका असेल तर मीटर एसी व्होल्टवर घेऊन चालू इंजिनात बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर एखादा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता. रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी 'कुईं' ऐकू येते तीही बऱ्याचदा यामुळेच. डायोडचं आणि बेअरिंगचं काम मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या.

दुसरी बॅटरी

कॅम्परमध्ये दिवे, पाण्याचा पंप आणि फोन चार्जिंगसाठी वेगळी बॅटरी असते. इंजिन चालू असताना एक रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद झालं की तोडतो. या रिलेला इशारा बहुधा त्याच डी प्लसकडून मिळतो. म्हणजे लाल दिव्याची बाजू बिघडली तर दुसरी बॅटरीही उपाशी.

इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवरचे आकडे ०.३ व्होल्टच्या आत जुळले पाहिजेत. इंजिन बंद करून आतले दिवे लावले की हळूहळू वेगळे झाले पाहिजेत. बंद इंजिनातही दोन्ही एकत्रच उतरत असतील तर रिले चिकटलाय, आणि रात्रीचे दिवे तुमच्या सकाळच्या सेल्फची वीज पीत आहेत. फ्रिज १२ व्होल्टवर असेल तर तो एकटाच सात-आठ अँपिअर ओढतो, तेव्हा गाडी थांबली की गॅसवर टाका. इथे नवी लिथियम बॅटरी नुसती जुन्या रिलेवर जोडू नका. ती इतका करंट ओढते की जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

सगळं ठीक, तरी उभ्या गाडीत उतरते?

मग कुणीतरी चोरून वीज खातंय. सगळं बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर १० अँपिअरवर घेऊन, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्रात घालून, बॅटरीचं टोक आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा. अशा अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या व्हॅनमध्ये घड्याळ आणि रेडिओची मेमरी धरून २०-३० मिलिअँपिअर ठीक. ५० च्या वर असेल तर शोधा. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी पंचवीस दिवसांत अर्धी. आणि हिवाळाभर झाकून ठेवलेल्या व्हॅनला पंचवीस दिवस म्हणजे काहीच नाही.

एकटे असाल तर फोन मीटरसमोर टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि फ्यूज बॉक्सजवळ जाऊन एकेक फ्यूज काढा, काढताना त्याचा नंबर मोठ्याने बोला. परत येऊन व्हिडिओ बघा: ज्या नंबरला आकडा पडला त्या लायनीवर चोर आहे. बहुतेक वेळा नंतर कुणीतरी बसवलेला रेडिओ किंवा अलार्म निघतो. एकाही फ्यूजला आकडा हलला नाही, तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची बी प्लस वायर बाजूला काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता पडला, तर गळका डायोड सापडला.